ॲक्सिलरेटर दाबला की कुईऽऽ, बेस वाढवला की ॲम्पचा लाल दिवा. नक्की बिघडलंय काय?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली.

गाडी २०१३ ची स्विफ्ट डिझेल, सेकंडहँड घेतलेली. रोज कराड ते पाटण जाऊन-येऊन करतो. त्यामुळं गाडीतली गाणी ही चैन नाही, गरज आहे, असं मी घरात सांगितलंय. घरात पटलेलं नाही.

दिवाळीच्या बोनसमधून सामान घेतलं ते असं: टचस्क्रीन डेक (डॅशबोर्डवरचा प्लेअर), चार चॅनलचा ॲम्प (आवाजाला ताकद देणारा डबा), पुढच्या दोन दारांत नवे स्पीकर आणि डिक्कीत बॉक्समध्ये १२ इंची वूफर. बॉक्सवर बोटभर जाड अक्षरात १२०० वॅट लिहिलंय, आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात ३०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत सोसेल ती खरी ताकद. दोन कॉइलचा आहे, ४ अधिक ४ ओहम. फिटिंग हायवेलगतच्या एका दुकानात करून घेतलं.

आता दुखणी दोन.

एक. गाडी चालू केली की स्पीकरमधून बारीक कुईऽऽ येतं. ॲक्सिलरेटर दाबेल तसा सूर चढतो. तिसऱ्या गिअरला घाट चढताना तर कुणीतरी मागं बसून सनईचा रियाज करतंय असं वाटतं. गाणं बंद केलं तरी आवाज राहतोच.

दोन. बेस जरा वाढवला की आठ-दहा मिनिटांत ॲम्पवरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागतो, सगळं गप्प. पाच मिनिटं थांबलं की परत चालू. हेडलाइटही ठोक्याबरोबर मिचमिचतात.

दुकानात तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा म्हणाले बॅटरी उतरलीय. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीची आहे. दुसऱ्यांदा एक फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा डबा) बसवला, निळे आकडे दाखवणारा, २८०० रुपये. आकडे सुरेख दिसतात, फरक शून्य. तिसऱ्यांदा म्हणाले ॲम्पचा पीसच खराब आहे, नवा मोनोब्लॉक (फक्त वूफरसाठीचा एका चॅनलचा ॲम्प) घ्या, जुना आम्ही ४००० ला परत घेतो. खराब पीस हे ४००० ला कशाला घेतील, हा विचार मला पाटणला पोचल्यावर सुचला.

ॲम्प खरंच गेलाय का? पैसे आता संपलेत, तेवढं लक्षात ठेवून सांगा.

---

नादखुळा_०९

भावा सरळ मोनोब्लॉक घे आणि विषय संपव. चार चॅनलवर वूफर म्हणजे बैलगाडीला ट्रॉली. माझ्याकडं दोन १२ इंची आहेत, गल्लीत शिरलो की आई चहा टाकते, हॉर्न लागत नाही.

---

वायरमनकाका

चहाचं छान आहे. पण त्यानं सांगितलंय पैसे संपलेत.

कोयनाकाठ, मी सांगलीत ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करतो, २६ वर्षं झाली. ट्रॅक्टरवर बफर बसवण्यापासून सगळं केलंय. माझ्याकडं "ॲम्प खराब" म्हणून येणाऱ्या गाड्यांत ॲम्प खराब क्वचितच निघतो. खराब असतं ते अर्थिंग, म्हणजे काळी वायर गाडीच्या बॉडीला टेकते ती जागा, नाहीतर जोडणी. लाल दिवा म्हणजे ॲम्प मेला असं नाही, ॲम्पनं स्वतःला वाचवलं. मेलेला ॲम्प पाच मिनिटांनी उठून गात नाही.

काही विकत घेऊ नकोस. २००-३०० चा मल्टिमीटर आण, कुणाकडून मागून आण, आणि मला एवढं सांग.

ॲम्पची काळी वायर गाडीच्या कुठल्या बोल्टला लावलीय? तिथला रंग खरवडलाय की नाही? बॅटरीकडून येणाऱ्या लाल वायरीचा फ्यूज बॉनेटमध्ये आहे की डिक्कीत? आणि वूफरच्या दोन कॉइल एकमेकींना कशा जोडल्यात? वूफरच्या वायरी ॲम्पपासून सोडव आणि त्या दोन टोकांवर ओहम मोज.

मग व्होल्टेज. गाडी चालू ठेव, गाणं जोरात लाव, दुसऱ्या माणसाला मीटरकडं बघायला बसव. बॅटरीवर किती आणि ॲम्पच्या टर्मिनलवर किती, दोन्ही ठोक्याच्या वेळी. त्यानंतर खरी गंमत. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी ॲम्पच्या काळ्या टर्मिनलवर. पोचणार नाही, तेव्हा घरच्या बोर्डाची उरलेली वायर जोडून लांब कर. तिथं शून्याच्या आसपास यायला हवं. किती येतंय ते लिही. तसंच प्लसकडून प्लसकडं.

---

कोयनाकाठ

काका, रविवार सत्कारणी लागला. मीटर आमच्या फॅक्टरीच्या इलेक्ट्रिशियनचा, मदतनीस धाकटा भाऊ, पगार म्हणून वडापाव.

अर्थिंग मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलंय. रंग तसाच, चकाचक. लगही (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नाही, तारा नुसत्या पिळून वॉशरखाली घातल्यात.

फ्यूज डिक्कीत ॲम्पशेजारी आहे. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत वायर सरळ.

वूफरच्या दोन्ही कॉइल प्लसला प्लस, मायनसला मायनस. टोकांवर १.८ ओहम. ती जोडी ॲम्पच्या तिसऱ्या-चौथ्या चॅनलवर ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनल मिळून एक करून, लावलीय.

व्होल्टेज, गाणं जोरात असताना: बॅटरीवर १३.७, ॲम्पवर ११.३. बॅटरी प्लस ते ॲम्प प्लस ०.७. बॅटरी मायनस ते ॲम्प मायनस १.७! भाऊ म्हणाला चुकीचं वाचलं असेल, म्हणून तीनदा बघितलं.

---

वायरमनकाका

शाब्बास. आता बेरीज कर. ०.७ आणि १.७ मिळून २.४. १३.७ मधून २.४ गेले, राहिले ११.३. हिशेब दमडीला दमडी जुळला. म्हणजे बॅटरी निर्दोष, ऑल्टरनेटर निर्दोष. वाटेत गळती आहे, आणि मोठी गळती त्या सीटबेल्टच्या बोल्टवर.

तो बोल्ट आधी मोकळा कर. तिथं अर्थिंग कधीच लावायचं नाही. त्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो, त्याच्याखाली तारा कोंबून तो पूर्ण आवळला जात नाही. टेल लॅम्पच्या बाजूचं ट्रिम काढ, बॉडीचा जाड पत्रा बघ. आयता बोल्ट मिळाला तर उत्तम. भोक पाडायचंच तर आधी गाडीखाली वाकून बघ पलीकडं काय आहे. स्विफ्टची डिझेल टाकी मागच्या सीटखाली असते, तिकडं ड्रिल नको. रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा आरशासारखा काढ, वायरीला थिंबल (लगच तो) लावून क्रिम्प कर, दातेरी वॉशर घाल, आवळ. वरून ग्रीसचा हात फिरव. पाटणच्या पावसात उघडा पत्रा एका मोसमात गंजतो. वायर प्लसएवढीच जाड आणि दीड फुटाच्या आत.

आता लाल दिव्याचं. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम. मीटरवर जरा कमीच दिसतो, म्हणून तुझं १.८ बरोबर आहे. पण हा लोड ब्रिजवर लावलाय. दोन चॅनल ब्रिज केले म्हणजे गोधडी दोघांनी दोन टोकांना धरून पिळायची. पीळ दुप्पट बसतो, पण प्रत्येकाच्या मनगटावर ताणही येतो. २ ओहमचा लोड ब्रिजवर घातला की एकेका चॅनलला तो १ ओहमच वाटतो. तुझ्या ॲम्पच्या पुस्तकात ब्रिजला कमीत कमी किती ओहम लिहिलंय ते बघ. ४ असणार. बिचारा दहा मिनिटं तग धरतो हेच नवल.

उपाय फुकट आहे. दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोड: पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला, उरलेली दोन टोकं ॲम्पला. ८ ओहम झाला. मीटरवर सातच्या वर काहीतरी येईल.

फ्यूजबद्दल मात्र रागानं लिहितोय. फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. ॲम्पचे स्वतःचे फ्यूज ॲम्पमध्ये असतातच. बॅटरीपासून डिक्कीपर्यंतची सगळी वायर तुझ्या पायाखालून, दाराच्या पट्टीखालून जाते. कुठं घासून बॉडीला टेकली तर बॅटरी आपला सगळा करंट तिथं ओतणार आणि तुझा फ्यूज डिक्कीत बसून बघत राहणार. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत ४० अँपियरचा फ्यूज. हे पहिलं काम.

---

पेठेतला_कान

काकांशी सहमत, फक्त एका गोष्टीची भर घालतो, कारण पुढचा प्रश्न "आवाज कमी झाला" हा येणार आहे.

कोयनाकाठ, तुमच्या ॲम्पवर ब्रिज ४ ओहमला २०० वॅट लिहिलंय असं धरून चाललो तर ८ ओहमला साधारण निम्मे, १०० मिळतील. मोनोब्लॉक घेऊन वूफरला पुरे ३०० दिलेत तरी १०० वरून ३०० म्हणजे साधारण ५ डेसिबलची वाढ. कानाला जास्त वाटेल, पण दुप्पट नाही. तेवढ्यासाठी दहा हजार घालायचे का, हे तुम्ही आणि घरचे मिळून ठरवा.

कपॅसिटरबद्दलही गणित आहे. १ फॅरडमधून ३० अँपियर ओढले तर त्याचं व्होल्टेज सेकंदाच्या तिसाव्या भागात १ व्होल्टनं उतरतं. तबल्याची एक थापही त्याहून लांब असते. अर्थिंग खराब असताना त्याचा उपयोग घड्याळासारखा: दिवा लागतो, आकडे दिसतात.

ॲम्पवरची गेन ही आवाजाची कळ नव्हे, डेककडून आलेला सिग्नल ॲम्प किती पट वाढवणार ते ती ठरवते. दुकानदार ती कानानं, अंदाजानं, बहुधा शेवटापर्यंत फिरवतात. असं करा: वूफर ॲम्पपासून सोडवा. डेकवरचं इक्वलायझर, लाउडनेस, बेस बूस्ट सगळं शून्यावर. ५० हर्ट्झचा टेस्ट टोन फोनमधून लावा, डेकचा आवाज ४० पैकी ३० वर. मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि ॲम्पच्या वूफरवाल्या टर्मिनलवर मोजत गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. १०० वॅट गुणिले ८ ओहम बरोबर ८००, त्याचं वर्गमूळ २८.३ व्होल्ट. तिथं थांबा. आपल्याकडचा स्वस्त मीटरही ५० हर्ट्झला चोख चालतो, घरची लाइन त्याच फ्रिक्वेन्सीची असते ना. २८ व्होल्टच्या वर गेन नेला की ॲम्प लाटांची डोकी छाटायला लागतो, आणि वूफर त्या छाटलेल्या लाटांनी जळतात. कमी वॅटचा ॲम्प वूफर जाळतो असं लोक म्हणतात, ते यालाच.

वूफरचा लो पास ८० हर्ट्झ (त्याखालचेच सूर वूफरला), दारांचा हाय पास ८० (त्यावरचे सूर दारांना). एवढं पुरे.

---

कोयनाकाठ

बातमी.

फॅक्टरी सुटल्यावर दोन संध्याकाळी घातल्या. सीटबेल्ट मोकळा केला. डावीकडच्या ट्रिममागं एक आयता बोल्ट मिळाला, रंग घासला, थिंबल इलेक्ट्रिशियनकडून क्रिम्प करून घेतली. तो मायनस ते मायनसचा १.७ आकडा आता ०.१ आहे. काका, हा आकडा बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा कपॅसिटरच्या निळ्या दिव्यानं झाला नव्हता.

कॉइल सिरीजमध्ये घेतल्या, मीटर ७.२ दाखवतो. पुस्तकात ब्रिजला किमान ४ ओहमच लिहिलंय, २०० वॅटही तेच. म्हणजे पेठेतले साहेब बरोबर.

काल कराड ते पाटण, परत कराड, सलग गाणी. लाल दिवा एकदाही नाही. ॲम्पला हात लावला तर कोमट. हेडलाइट मिचमिचत नाहीत.

गेन २८ व्होल्टवर आणला. दुकानदारानं तो होता तिथं ५८ दाखवत होता, मीटर चुकतोय का म्हणून घरच्या बोर्डावर तपासून आलो.

प्लसच्या बाजूला अजून ०.६ जातोय. वायर सोलून ब्लेडनं खरवडली तर आतून पांढरी निघाली.

पण कुईऽऽ आहेच. निम्म्यानं कमी झालं, सूर तोच. ॲक्सिलरेटरबरोबर चढतो. आता काय?

---

वायरमनकाका

पांढरी म्हणजे ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तीच जाडी असली तरी करंट वाहण्यात तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश. बोनस आल्यावर बदल, तोवर चालेल.

आवाजाचं मला वाटतंय डेककडून येतंय. ॲम्पची आरसीए, म्हणजे डेककडून गाण्याचा सिग्नल आणणारी वायर, उपट, काय होतं बघ.

---

तरंग_नाशिक

थांबा, आरसीए उपटायच्या आधी डेक आणि ॲम्प दोन्ही बंद करा! काकांनी ते गृहीत धरलंय, पण इथं लिहून ठेवलेलं बरं. का ते खाली सांगते.

मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करते. गाडीच्या ऑडिओचा नाद नवऱ्याचा, दुरुस्त्या माझ्याकडं. आमच्याकडं अगदी असंच झालं होतं: अर्थिंग सुधारलं तरी शिट्टी राहिली.

सगळं बंद करून आरसीए ॲम्पच्या बाजूनं काढा, मग गाडी चालू करा. शिट्टी गेली तर ॲम्प आणि त्याची पॉवर वायर निर्दोष सुटली, चोर आरसीएमधून येतोय. (फोन चार्जिंगला लावून ऑक्स केबलनं गाणी ऐकत असाल तर आधी चार्जर काढून बघा. निम्म्या लोकांचं तिथंच मिटतं.)

पुढची परीक्षा. सगळं बंद. डेक बाहेर ओढा. मीटर ओहमवर. एक तार डेकच्या लोखंडी अंगावर, दुसरी डेकच्या मागच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्यावर. जवळजवळ शून्य यायला हवं. मीटर काहीच दाखवत नसेल तर ते कडं डेकच्या आत तुटलंय. बऱ्याच डेकमध्ये ते कडं बॉडीशी केसाएवढ्या बारीक फ्यूजनं किंवा ट्रॅकनं जोडलेलं असतं.

ते का तुटतं? तुमचं ॲम्पचं अर्थिंग रंगावर होतं. ॲम्पला परतीची वाट हवी असते. मोठी वाट बंद झाली की तो करंट मिळेल त्या पायवाटेनं परत जातो, आणि तुमच्या गाडीत ती पायवाट म्हणजे आरसीएची जाळी. ३० अँपियरला केसाएवढी वाट. जळणारच. चालू असताना आरसीए किंवा ॲम्पचं अर्थिंग काढलं तरी तेच होतं. कपॅसिटर बसवताना दुकानात काळी वायर आधी सोडली होती का, आठवतंय?

आठवलं नाही तरी उपाय एकच. एक बारीक वायर घ्या, एक टोक आरसीए प्लगच्या बाहेरच्या कड्याभोवती गुंडाळा, दुसरं डेकच्या बॉडीच्या स्क्रूखाली दाबा.

---

कोयनाकाठ

तरंगताई, तुम्ही गाडीत बसून बघत होता का?

आरसीए काढली, शिट्टी गायब. डेक ओढला, कडं ते बॉडी मीटर गप्प, डावीकडं नुसता १, म्हणजे जोडच नाही. कपॅसिटरच्या दिवशी मी दुकानात शेजारी उभा होतो. पोरानं काळी वायर आधी सोडली, प्लस चालू, डेक चालू, आणि एक बारीक टिक आवाज आला होता. पोरगं म्हणालं "होतं असं".

टेपरेकॉर्डरच्या जमान्यातली एक वीतभर वायर सापडली. गुंडाळली, स्क्रूखाली दाबली. स्टार्टर मारला. ॲक्सिलरेटर दाबला. परत दाबला. भावाला म्हणालो तू दाब, मी ऐकतो. काही नाही! इंजिनाचा आवाज तेवढा. ही गाडी एवढी खडखडते हे मला आज कळलं, इतके दिवस सनईखाली झाकलं होतं.

एक शंका उरलीय. बेस मागून आल्यासारखा वाटतो. पुढं गाणं, मागं धुमधुम, दोन वेगळ्या गाड्या असल्यासारखं.

---

वायरमनकाका

धांगडधिंगा लावून हे जुळवता येत नाही, त्यात सगळंच धुमधुम असतं. पखवाजाचं भजन लाव. पखवाजाच्या उजव्या तोंडावर शाई, डाव्यावर कणीक. उजवीकडची थाप तुला पुढच्या दारातून येणार, कणकेच्या बाजूचा घुमारा वूफरमधून. वाजवणारा माणूस एक आहे, तो एकाच जागी बसलेला ऐकू आला पाहिजे. ॲम्पवर किंवा डेकमध्ये फेजची कळ असेल, ० आणि १८०, वूफरची हालचाल सरळ की उलटी ते ठरवणारी. दोन्हीकडं करून बघ, ड्रायव्हरच्या सीटवर बसून. जिकडं घुमारा भरीव लागेल तिकडं ठेव. नंतर लो पास ८० वरून ७० ला आण. माणसाचा आवाज डिक्कीतून यायला लागला की समजायचं लो पास फार वर आहे.

---

कोयनाकाठ

१८० वर भरीव लागला. लो पास ७०. वडील शेजारी बसले होते, एक अभंग पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "पखवाज चांगला वाजवतोय." गाडीबद्दल बोलले नाहीत. मी तेवढ्यावर खूश आहे.

कपॅसिटर काढून ठेवलाय. कुणाला निळे आकडे बघायला हवे असतील तर ५०० ला देतो.

आता मागची नंबरप्लेट थरथरते, बेसच्या प्रत्येक ठोक्याला खर्रर्र.

---

नादखुळा_०९

प्लेटच्या मागं फोमची डबल टेप लाव दोन पट्ट्या. ह्यात मी एक्स्पर्ट आहे 😄 आणि भावा माझी पण शिट्टी येते, मला वाटायचं टर्बो आहे. उद्या मीटर आणतो.

---

वायरमनकाका

कोयनाकाठ, सगळं लिहिलंस, बॅटरीजवळच्या फ्यूजचं काही लिहिलं नाहीस.

---

कोयनाकाठ

काका, होल्डर आणि ४० चा फ्यूज आणून ठेवलाय. ग्लोव्हबॉक्समध्ये आहे. उद्या सुट्टी आहे, सकाळी पहिलं तेच करतो.

---

वायरमनकाका

मग आत्ता खाली जा आणि ती लाल वायर बॅटरीवरून काढून ठेव. सकाळी फ्यूज घालूनच परत लाव. जाताना १० चा पाना ने.